उगारित आणि बिब्लॉस : अक्षरांची दोन नगरे

लटाकिया बंदराच्या उत्तरेस, सुमारे दहा-अकरा किलोमीटरांवर, सिरियाच्या किनाऱ्यात एक लहानशी खाडी शिरलेली आहे. तिला मिनेत एल-बैदा, म्हणजे पांढरे बंदर, असे म्हणतात. १९२८ च्या वसंतऋतूत ह्या खाडीजवळ एक शेतकरी शेत नांगरीत असता फाळ दगडावर अडला. दगड उचलून बांधावर टाकावा म्हणून त्याने माती उकरली, तो ती एक घडीव फरशी निघाली आणि तिच्याखाली चांगले बांधीव थडगे दिसले. सिरिया त्या काळी फ्रान्सच्या अखत्यारीत होता. ही वार्ता अधिकाऱ्यांमार्फत पॅरिसला पोहोचली आणि दुसऱ्याच वर्षी क्लोद शेफेर हे स्ट्रासबुर्गच्या संग्रहालयातील संशोधक उत्खननासाठी तेथे येऊन दाखल झाले.

खाडीकाठच्या थडग्यांत त्यांना पुष्कळ वस्तू मिळाल्या. परंतु त्यांचे लक्ष लागले होते ते खाडीपासून जवळच असलेल्या एका उंच टेकाडाकडे. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या मातीला ‘पांढर’ म्हणतात. तसेच हे पांढरीचे टेकाड, सुमारे वीस मीटर उंचीचे. त्याचे नाव रास शमरा. शमरा म्हणजे बडीशेप. ती तेथे रानटी उगवते, म्हणून हे नाव. थडगी एवढी श्रीमंतांची, तर ती बांधणाऱ्यांचे नगरही जवळपास असलेच पाहिजे, असा शेफेर यांचा सरळ तर्क होता. मे १९२९ मध्ये टेकाडावर कुदळ पडली आणि १४ मे रोजी, म्हणजे काम सुरू झाल्यावर अवघ्या काही दिवसांत, लेख कोरलेल्या मातीच्या पाट्या हाती आल्या.

मातीच्या पाट्या मिळाल्या ह्यात नवल नव्हते. ओल्या चिकणमातीवर बोरूचे टोक दाबून खिळ्याच्या आकाराच्या खुणा उमटवावयाच्या आणि पाटी वाळवावयाची, ही लेखनपद्धती बाबिलोन-असुर देशांत हजारो वर्षे चालू होती, व ती लिपी एकोणिसाव्या शतकातच वाचली गेली होती. नवल निराळेच होते. बाबिलोनच्या कीलाक्षरांत एक खूण म्हणजे एक अवयव किंवा एक संपूर्ण शब्द. अशा खुणा सुमारे ६०० भरतात. रास शमराच्या ह्या पाट्यांवर मात्र खुणा मोजता मोजता तिसाच्या आसपासच थांबल्या. आकार खिळ्याचाच, परंतु एकही खूण बाबिलोनच्या खुणांशी जुळेना. एवढ्या थोड्या खुणांत एखादी भाषा लिहिली गेली असेल, तर ती वर्णमालाच असली पाहिजे, हे जाणकारांच्या तत्काळ ध्यानात आले.

६०० आणि ३० ह्या दोन आकड्यांमधील अंतर केवळ गणिताचे नाही. ६०० खुणा शिकावयाच्या तर बालपणापासून वर्षानुवर्षे पाठशाळेत घालवावी लागत, आणि ते ज्यांच्या घरी परवडे त्यांचीच मुले कारकून होत. ह्या आकड्यांची आठवण गोव्याच्या इतिहासातही एका ठिकाणी होते. ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये आपल्या वरिष्ठांना रोमला लिहिलेल्या पत्रात, येथील लिपीत ग्रंथ छापण्याची आपली जुनी इच्छा कळविली होती. ह्या लिपीतील अक्षरे अवयवांची असल्यामुळे तिला सुमारे ६०० ठसे लागतील, युरोपच्या लिपीचे काम चोवीसांत भागते, हीच अडचण त्यांनी त्यात मांडली आहे. ते ठसे झाले नाहीत. १६१६ मध्ये राशोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते मराठी भाषेत, पण रोमन अक्षरांत. जी चोवीस अक्षरे फादर स्टीफन्स यांच्या हाताशी होती, त्यांचा माग मागे मागे नेला तर तो ह्याच किनाऱ्यावर येऊन पोहोचतो.

आता ह्या अपरिचित लिपीच्या वाचनाची हकीकत. पाट्या तपासण्याचे काम शार्ल व्हिरोलो ह्या फ्रेंच पंडितांकडे आले. त्यांनी एक गोष्ट केली, जी सर्वच संशोधक करतात असे नाही. वाचनाचा मान आपणांसच मिळावा म्हणून पाट्या पेटीत न ठेवता त्यांनी त्यांच्या नकला ताबडतोब प्रसिद्ध केल्या. त्यांचे एक निरीक्षणही फार मोलाचे ठरले. पाट्यांबरोबर ब्राँझच्या कुऱ्हाडी सापडल्या होत्या आणि त्यांतील काहींवर त्याच लिपीत अक्षरे कोरलेली होती. तोच मजकूर एका पाटीच्या आरंभी आढळला. फक्त त्याच्या आधी एक खूण जास्त होती. व्हिरोलो यांनी विचार केला की, कुऱ्हाडीवर धन्याचे नाव असणार, पाटी हे पत्र असणार, आणि ती जादा खूण म्हणजे ‘–ला’, ‘–प्रति’ अशा अर्थाचा उपसर्ग असणार. हिब्रू व तिच्या भगिनीभाषांत ह्या अर्थी ‘ल’ योजतात. तेव्हा एक अक्षर मिळाले.

ह्या नकला दोघांनी हाती घेतल्या. एक जर्मनीतील हाले विद्यापीठाचे हान्स बावर, आणि दुसरे जेरुसलेमच्या डोमिनिकन संघाच्या बायबल-विद्यालयातील एदुआर दोर्म. योगायोग असा की, पहिल्या महायुद्धात हे दोघेही गुप्तलिपी उकलण्याचे काम करीत होते; मात्र परस्परविरोधी सैन्यांत. बावर यांनी एप्रिल १९३० मध्ये काम आरंभले आणि आठवडाभरात बहुतेक अक्षरांना उच्चार देऊन टाकले. त्यांची रीत हिशेबी होती. सेमिटिक भाषांत शब्दांच्या आरंभी व अखेरीस ठराविकच व्यंजने लागतात. तेव्हा कोणती खूण कोठे आणि किती वेळा येते हे मोजावयाचे, आणि ‘राजा’, ‘पुत्र’, ‘बआल’ असे हटकून येणारे शब्द शोधावयाचे. पण कुऱ्हाडीने त्यांना चकविले. कुऱ्हाडीवर ‘कुऱ्हाड’ हा शब्द असणारच असे धरून त्यांनी तेथे हिब्रूतील ‘गर्झेन’ हा शब्द वाचला, आणि त्यापायी काही अक्षरे चुकली. वस्तूवर वस्तूचेच नाव कोण कशाला कोरील, हा प्रश्न पांडित्याच्या भरात त्यांच्या मनात आला नसावा. दोर्म यांचीही काही अक्षरे चुकली होती, परंतु निराळी. त्यांनी बावर यांचे निष्कर्ष पाहून दोहोंचा मेळ घातला, आपल्या दुरुस्त्या बावर यांना कळविल्या आणि बावर यांनी त्या मान्य केल्या. कुऱ्हाडीवरचा शब्द वाचला गेला : ‘रब काहिनीम’, म्हणजे याजकांचा प्रमुख. जेथे त्या कुऱ्हाडी पुरलेल्या होत्या, ते त्याचेच घर होते. पहिली पाटी सापडल्यापासून दोन वर्षांच्या आत लिपी उलगडली. बारा वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांच्या सैन्यांचे निरोप फोडले, त्या राष्ट्रांच्या पंडितांनी हे काम टपालाने एकमेकांच्या चुका दुरुस्त करून पुरे केले.

नगराचे नाव उगारित. ते अगोदर इजिप्तमधील एल-अमार्ना येथे मिळालेल्या राजपत्रांतून ठाऊक होते, पण जागा ठाऊक नव्हती. इ. स. पूर्व तेराव्या शतकात येथे सहा ते आठ हजार लोक राहत असावेत असा अंदाज आहे. म्हणजे आजच्या हिशेबाने एखादा मोठा बाजारगाव. परंतु ह्या गावाच्या एका बाजूस इजिप्तचे साम्राज्य, दुसऱ्या बाजूस हित्ती साम्राज्य, समोर समुद्रात सायप्रस आणि पाठीमागे फरात नदीकडे जाणारा व्यापारी रस्ता. बंदरात चुरडलेल्या शिंपल्यांचे ढीग सापडले आहेत. त्यांतून राजवस्त्रांसाठी जांभळा रंग काढीत. धान्य, तेल, मद्य, तांबे आणि लाकूड यांची ये-जा ह्याच बंदरातून होई. मातीच्या पाट्यांवर आणि इतर वस्तूंवर मिळून येथे आठ भाषा आढळल्या आहेत. परदेशाशी पत्रव्यवहार बाबिलोनच्या अक्कादी भाषेत, सहाशे खुणांच्या लिपीत चाले. तो त्या काळचा दरबारी शिष्टाचार होता. घरचे हिशेब, करांच्या याद्या, देवांना द्यावयाच्या बळींची टाचणे, आजारी घोड्यांवरचे उपचार आणि पुराणकथा मात्र स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या तीस अक्षरांत लिहिल्या जात. सीमाभागात ज्यांचे आयुष्य गेले आहे, ज्यांच्या घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि बाजारात तिसरी चालते, त्यांना ह्या व्यवस्थेचे नवल वाटणार नाही.

ह्या पाट्यांत एक अगदी चिमुकली आहे. लांबी सुमारे साडेपाच सेंटिमीटर, रुंदी बोटाएवढी. १९४८ मध्ये ती सापडली आणि आज दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्यावर वाक्य नाही, नाव नाही. फक्त तीस अक्षरे क्रमाने लिहिलेली आहेत. ती मुळाक्षरांची पाटी आहे. तिचा क्रम पाहून विद्वान चकित झाले, कारण तो ओळखीचा निघाला : अ, ब, ग, मग ड, ह, व, झ, आणि पुढे क, ल, म, न. मध्ये मध्ये उगारितच्या भाषेला लागणारी आणि पुढे गळून गेलेली काही अक्षरे येतात. ती सोडली तर हिब्रूचा आलेफ-बेथ, ग्रीकांचा आल्फा-बीटा आणि शाळेच्या फळ्यावर लिहिला जाणारा इंग्रजी ए, बी, सी, डी हा क्रम मूलतः हाच आहे. इंग्रजीतील के, एल, एम, एन ही अक्षरे ओळीने का येतात, ह्याचे उत्तर उच्चारशास्त्रात शोधून मिळत नाही. आपल्या वर्णमालेत कंठापासून ओठांपर्यंत वर्ग लावलेले आहेत. क-वर्गानंतर च-वर्ग का, हे गुरुजी मुलाला समजावून सांगू शकतात. ए-नंतर बी का, ह्याला कारण एकच : तीन हजार दोनशे वर्षांपूर्वी उगारितच्या मुलांना ती त्याच क्रमाने घोकावी लागली. तेथल्या शिक्षकांनीही ती कोणाकडून तरी तशीच घोकली असली पाहिजेत.

आणखी एका फुटक्या पाटीवर प्रत्येक अक्षरासमोर बाबिलोनची अवयवखूण मांडलेली आहे. दरबारी लिपी जाणणारास नवी वर्णमाला शिकविण्यासाठी असो अथवा उलट, ही पाटी पंतोजींच्या कामाचीच दिसते. एका मोठ्या लेखकाचे नावही कळले आहे. इलिमिल्कू. बआल देवाच्या कथा लिहिलेल्या पाटीच्या अखेरीस त्याने आपले नाव, गाव, आपल्या गुरूचे नाव आणि आश्रयदात्या निक्मद्दू राजाचे नाव दिले आहे. गुरू अत्तेनू हा याजकांचा प्रमुख होता. आपल्याकडील जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक जे लिहून ठेवतात, त्याच प्रकारची ही नोंद आहे.

ह्या कथांमुळे बायबलच्या अभ्यासकांपुढे एक नवे दालन उघडले. जुन्या करारातील संदेष्टे ज्या बआल देवावर कोरडे ओढतात, त्याचे भक्त त्याच्याविषयी काय मानीत, हे तोवर केवळ विरोधकांच्या तोंडून ठाऊक होते. आता भक्तांचेच ग्रंथ हाती आले. समुद्राशी झुंजणारा, मेघांवर स्वार होणारा आणि मृत्यूच्या जबड्यात जाऊन परत येणारा असा हा पर्जन्यदेव. स्तोत्रसंहितेत परमेश्वराच्या वर्णनात अशाच प्रतिमा येतात. यशयाच्या ग्रंथातील वेटोळे घालणारा लिव्याथान उगारितच्या काव्यात लोतान ह्या नावाने भेटतो. यहेज्केल ज्या दानीएलाचे नाव नोहा आणि ईयोब यांच्याबरोबर घेतो, तो विधवांना न्याय देणारा उगारितचा प्राचीन दानेल असावा, असेही पुष्कळांचे मत आहे. ह्यावरून बायबल हे उगारितची नक्कल आहे असे म्हणण्याची एक घाईही काही काळ झाली. ती आता मागे पडली आहे. कनान देशातील कवी शेजाऱ्यांच्याच भाषेत आणि अलंकारांत बोलले, पण त्यांना सांगावयाचे होते ते निराळे होते. मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ वाचणारास हे पटवून देण्याची आवश्यकता नाही.

उगारितचा शेवट सुमारे इ. स. पूर्व ११८५ मध्ये झाला. शेवटचा राजा अम्मुरापी. त्याचे सायप्रसच्या राजास उद्देशून लिहिलेले एक पत्र मिळाले आहे. त्यात तो कळवितो की, शत्रूची जहाजे आली, त्यांनी आपली गावे जाळली. आपले सैन्य हित्तींच्या देशात गेले आहे, आपले आरमार दूर लुक्का देशाच्या किनाऱ्यावर आहे आणि देश उघडा पडला आहे. शत्रूच्या जहाजांची संख्या त्याने सात सांगितली आहे. फक्त सात. मांडलिक म्हणून सम्राटाच्या हाकेस धावून गेलेल्या राज्याला स्वतःच्या दारात सात जहाजे आवरेनात, ही त्या पत्रातील खरी व्यथा.

राजवाड्यातील काही पाट्यांविषयी पूर्वी एक हृदयद्रावक हकीकत सांगत : शत्रू आला तेव्हा त्या भट्टीत भाजत ठेवलेल्या होत्या आणि तशाच राहून गेल्या. पुढे अधिक बारकाईने पाहता ती खरी ठरली नाही. त्या पाट्या वरच्या मजल्यावरून खाली कोसळलेल्या होत्या. हकीकत सुंदर होती, ती गेली. पुराव्यापुढे ती जाणेच योग्य. राहिली ती जळलेली घरे, रस्त्यांत व घरांत विखुरलेली बाणांची पाती आणि मालकांनी लपवून ठेवलेला, पण परत न्यावयास कोणी न आलेला ऐवज. नगर पुन्हा पूर्वीसारखे वसले नाही. तीस खिळ्यांची वर्णमाला त्याच्याबरोबर मातीखाली गेली.

मग तो क्रम, ती कल्पना, वाचली कशी? त्यासाठी किनाऱ्याने दक्षिणेकडे, आजच्या लेबनॉनमध्ये उतरावे लागते. बैरूतच्या उत्तरेस चाळीस किलोमीटरांच्या आत जुबैल हे गाव आहे. बायबलमधील गबाल ते हेच. ग्रीक त्याला बिब्लॉस म्हणत. इजिप्तमधील पपायरस, म्हणजे एका लव्हाळ्याच्या गाभ्यापासून केलेला कागद, ह्या बंदरातून ग्रीकांना मिळे. ग्रीक भाषेत ‘बिब्लॉस’ म्हणजे पपायरस, ‘बिब्लिओन’ म्हणजे ग्रंथ आणि त्याचे अनेकवचन ‘बिब्लिया’, तेच आपले बायबल.

इ. स. पूर्व अकराव्या शतकातील वेनामून नावाच्या एका इजिप्ती याजकाचा प्रवासवृत्तान्त उपलब्ध आहे. ती कल्पित कथा असणे शक्य आहे, पण तपशील अनुभवाचे वाटतात. देवाच्या नौकेसाठी देवदाराचे लाकूड आणावयास तो बिब्लॉसला जातो. तेथला राजा आधी वाडवडिलांच्या दप्तराच्या गुंडाळ्या मागवितो, पूर्वी इजिप्तने लाकडाची किंमत किती दिली होती ते वाचून दाखवितो आणि मगच सौदा करतो. किमतीत सोनेचांदी, तलम वस्त्रे, बैलांची ५०० कातडी, मसुरीची पोती, मासळीच्या टोपल्या आणि पपायरसच्या ५०० गुंडाळ्या येतात. म्हणजे बिब्लॉसची दप्तरे कागदावर होती. समुद्रकाठच्या दमट हवेत त्यांतले एक पानही उरले नाही. उगारितच्या आगीत मातीच्या पाट्या भाजून निघाल्या आणि टिकल्या. बिब्लॉस सुखरूप राहिले आणि त्याचे लेखन कुजून गेले. पण माती कोरणारी अक्षरे मेली, आणि कागदावरची अक्षरे हातोहात पुढे गेली.

ह्या रेघांच्या अक्षरांचे मूळ आणखी जुने आहे. सिनाईच्या ओसाड डोंगरांत, सेराबित एल-खादिम येथील पिरोज्यांच्या खाणींपाशी फ्लिंडर्स पेट्री यांना १९०५ मध्ये काही ओबडधोबड चित्राक्षरे आढळली होती. १९१६ मध्ये ॲलन गार्डिनर यांनी त्यांत ‘बालत’, म्हणजे स्वामिनी, हा शब्द वाचला. बैलाला ‘आल्प’ म्हणतात, म्हणून बैलाचे डोके काढावयाचे आणि त्या शब्दाचा केवळ पहिला ध्वनी घ्यावयाचा. घराला ‘बेत’, म्हणून घराच्या चित्राचा ‘ब’. खाणीवर राबणाऱ्या किंवा त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या सेमिटिक भाषिकांनी, दरबारी लिपीचे शिक्षण नसताना, हे साधले. इंग्रजीतील मोठा ए उलटा धरून पाहिला तर बैलाची शिंगे अजून दिसतात.

बिब्लॉस येथे फेब्रुवारी १९२२ मध्ये अतिवृष्टीने समुद्राकडची दरड कोसळली आणि एका राजाची कबर उघडी पडली. पिएर मोंते यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा १९२३ मध्ये त्यांना अहिराम राजाची दगडी शवपेटी मिळाली. पेटीच्या तळाशी सिंह कोरलेले आहेत. अंगावर सिंहासनस्थ राजा, उपहार घेऊन येणारे लोक आणि ऊर बडविणाऱ्या स्त्रिया आहेत. पेटीच्या व झाकणाच्या कडेने अडतीस शब्दांचा लेख आहे. अहिरामाचा पुत्र इत्तोबआल याने ही पेटी पित्यासाठी केली, असे त्यात सांगून पुढे, जो कोणी ती उघडील त्याचे राज्य उलथो आणि त्याचा लेख पुसला जावो, असा शाप दिला आहे. लेख सुमारे इ. स. पूर्व १००० चा मानतात. बावीस व्यंजनांची फिनिशियन वर्णमाला येथे पूर्णपणे घडलेली दिसते. व्यापाऱ्यांबरोबर ती ग्रीकांकडे गेली. ग्रीकांनी आपल्या भाषेत नको असलेल्या काही व्यंजनखुणांना स्वर केले. ती अक्षरे फिनिशियनांकडून आली, हे हेरोडोटस मोकळेपणाने लिहून ठेवतो.

शाप लिहिलेला असूनही ती कबर चोरांनी प्राचीन काळीच लुटलेली होती. पेटी बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेऊन ठेवण्यात आली. १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा संग्रहालय नेमके दोन लढणाऱ्या विभागांच्या सीमारेषेवर आले. इमारतीत सशस्त्र टोळ्यांनी ठाणी मांडली, भिंतींना गोळ्यांनी भोके पडली. लहान वस्तू तळघरात भिंती घालून लपविता आल्या. जड शवपेट्या हलविणे शक्य नव्हते. तेव्हा संग्रहालयाचे प्रमुख मोरिस शेहाब यांनी त्यांच्याभोवती लाकडी साचे उभारून वरून काँक्रीट ओतविले. अहिरामाची पेटीही अशीच बंद झाली. १९९० मध्ये युद्ध थांबले. त्यानंतर काही वर्षांनी ते काँक्रीट फोडण्यात आले, आणि कडेवरचे अडतीसही शब्द जसेच्या तसे वाचता आले.